अक्का हॉलमध्ये असताना

पांगाई, हाअपाई बेटं
३ जून १९८६

चि. लिसिआते यास,
मोलेनीमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सिनेमाला संगीत दिलंस हे वाचून मी गावभर सांगत सुटलो. पुढचं पान वाचलं आणि सांगणं तिथेच थांबवलं. होडी खडकांबाहेर जाते तिथे तू माझं तरुणपणचं गाणं वाजवलं आहेस, आणि नुकुअलोफाच्या चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या आईला न् मला शेजारी शेजारी बसवणार आहेस!

बहिणीच्या लेकाने मामाच्या दारचं डुक्कर नेलं तरी मामाने हसायचं, ही आपली रीत. गाणं नेलंस, तेही तुझंच. पण बाबा, ते प्रेमाचं गाणं. तुझ्या मामीच्या केसांवर केलेलं. भावाबहिणीने असलं काही एका छपराखाली ऐकायचं नसतं, हे ऑकलंडला जाऊन विसरलास की काय? अक्का ओसरीवर आली की मी गिटार खाली ठेवायचो. आता चारचौघांत तिला मान खाली घालावी लागेल. मामी म्हणते, ते केसही आता उरले नाहीत, लाज कसली धरताय. तिला काय जातंय म्हणायला! काहीतरी कर.

म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.
तुझा मोलेनीमामा

*

ऑकलंड
१४ जून १९८६

ती. मोलेनीमामांस,
लिसिआतेचा शि. सा. न. वि. वि.

मामा, किती घाबरता! शब्द एकही ठेवलेला नाही. नुसती नाकाने वाजवायची बासरी आहे. गाणं काढून टाका म्हणाल तर आता हातात नाही. वल्ह्यांचा प्रत्येक फटका त्या सुरावर जुळवून चित्र कापलंय. एकच बदल केला. तिसऱ्या ओळीपाशी तुम्ही श्वासभर थांबता, तेवढी जागा चित्रात नव्हती. तिथे बासरी न थांबता पुढे जाते.

खेळ एकच आहे, दुसऱ्या दिवशी रिळं सिडनीला जाणार. मला इथलं काम सोडून येता येत नाही. सगळ्या सिनेमाचं संगीत त्या तुमच्या चार ओळींतून उगवलंय. ते तुम्ही ऐकलं नाहीत तर मी कुणासाठी केलं?

मामींना नमस्कार. तुमची माया अशीच राहू दे.
लिसिआते

*

पांगाई
२५ जून १९८६

चि. लिसिआते यास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तू शब्द काढलेस, पण लोकांच्या तोंडातून कसे काढशील? आपल्या माणसांना सूर ऐकून कधी गप्प बसता आलंय? कुणीतरी चर्चमधल्यासारखा खालचा आवाज लावेल, की वरचे तिन्ही आवाज आपोआप येतील. अख्खा हॉल माझे शब्द गाईल आणि मध्ये बसलेली असेल अक्का. मी येत नाही. आईने लेकाचा सिनेमा बघावा, तिचा मान पहिला. मला ताप आलाय असं तिला कळव. गाणं ऐकायचं फार होतं मनात, पण जाऊ दे.

तुझा,
मोलेनीमामा

*

नुकुअलोफा
८ जुलै १९८६

चि. मोलेनी यास,
अक्काचे आशीर्वाद.

तुला ताप आल्याचं लिसिआतेने कळवलं. तुझे ताप मला लहानपणापासून ठाऊक आहेत. मुकाट्याने बोटीत बसायचं. येताना चांगली कोनफळं आण, मागच्या वेळची दोऱ्यांनी भरलेली होती.

हॉलमध्ये तू मधल्या रांगेत बस. मी दाराजवळ बसेन. हल्ली गर्दीत माझा जीव गुदमरतो. त्यात पडद्यावर होडी समुद्रात निघालेली दिसली की मला बाहेर वाऱ्याला जावंच लागतं. का, ते विचारायचं नाही. तू मात्र जागचा हलू नकोस. मी थोरली आहे, हे लक्षात ठेव.

बोटीत डोक्याला काहीतरी बांध.
लोलोहेआ

*

नुकुअलोफा
२० जुलै १९८६

चि. लिसिआते यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल खेळ झाला. अक्काच्या हुकमाप्रमाणे मी मध्ये बसलो. पडद्यावर होडी निघाली, तुझी बासरी लागली, आणि अक्का काठी टेकत उठली. लेकाने जीव ओतून केलेला भाग, आणि माझ्यापायी ती तोच टाकून बाहेर निघाली. मी लोकांचे पाय तुडवत पलीकडच्या दाराने बाहेर पडलो. म्हटलं, मी बाहेर दिसलो की ती आत जाईल.

ती गेली नाही. अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. तेवढ्यात आत कुणीतरी खालचा आवाज लावला आणि सगळा हॉल गायला लागला. खिडक्या सताड उघड्या. शब्द न् शब्द बाहेर.

माझ्याकडे पाठ करूनच अक्का मोठ्याने म्हणाली, की वारा दक्षिणेचा आहे, उद्या बोट हलणार. मी म्हणालो, हलणार. ती म्हणाली, कोनफळं यंदा बरी आहेत. मी म्हणालो, पाऊस वेळेवर झाला. असं आम्ही बोलत राहिलो. तिच्या हातातला पंखा हलत होता.

तिसरी ओळ आली. बासरीमागोमाग अख्खा हॉल न थांबता पुढे गेला. अक्काचा पंखा मात्र मी थांबतो तिथेच थांबला, श्वासभर. मग हलला.

मी समुद्राकडे बघत राहिलो. पुन्हा कधी ते वाजवलंस, तर तो थांबा काढू नकोस रे बाबा.

मामाला विसरू नकोस.
मोलेनी