सूनबाईचा दुसरा अर्ज

औरंगाबाद, १९८८

थायलंडच्या विहीणबाईंना मल्हाररावचा नमस्कार,

लग्नात रीतीप्रमाणं ताटातल्या तांदळांवर आम्ही तुमच्या मालीचं नवं नाव लिहिलं, सुगंधा. नागरिकत्वाच्या अर्जात आमच्या लेकानं, रामकिसननं तेच भरलं. अर्ज परत आला. कचेरीतले साहेब म्हणाले, "पासपोर्टवरची माली कुठं गेली, मास्तर?"

काल पुन्हा गेलो. रस्त्यात नामांतराचा मोर्चा होता. रामकिसन म्हणाला, "नाव दुरुस्त कर अन् सही ठोक." पण मालीनं साहेबांना विचारलं, "माझा पासपोर्ट जमा होणार? मग आईकडं जायला मला परवानगी लागंल."

"व्हय. दुसरा अर्ज नुसता इथं राहायच्या परवान्याचा, वर्षाच्या मुदतीचा हाय. त्यात पासपोर्ट तुमच्याकडंच राहील. पण दरसाल यावं लागंल."

"तोच द्या."

"अन् एखाद्या साली नाय म्हणले तर?" रामकिसन ओरडला.

"तवर आईला भेटून घेतलेलं असंल."

वर्गात माहेरची कविता शिकवताना मी मधेच पुस्तक मिटून खिडकीशी जायचो. काल काहीच वाटलं नाही. नुसता शिक्क्याकडं बघत बसलो.

तुम्हाला मराठी वाचून दाखवणारी तीच एक, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुमच्याकडं यायची वाट तिनं राखली. आमच्या घरात राहायची परवानगी मात्र आता दरसाल मागावी लागेल.

तुमच्या लेकीचा सासरा,
मल्हारराव