एका इंचाला चार फूट

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार
नव्या घराचं ठरलं. कुंभिवलीला रस्त्याच्या आतल्या अंगाला आपला तुकडा आहे, तिथं. पदू म्हणाला, आये, तू म्हणशील तसं. म्हणणारच. पोरगा ट्रक चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो, त्याला घरातलं काय कळतंय.
माझी अट एकच. मला वेगळी खोली आणि खोलीत माझी वेगळी चूल. सुनेच्या हातचं फार खाल्लं. जिजाची भाकरी बघितली की भूक पळून जाते.
जिजानं लगेच तोंड पाडलं. लोक म्हणतील, सासूला वेगळं काढलं. मी म्हटलं, लोकांनी माझी चूल पेटवायला यायचं नाही नि विझवायलाही नाही.
उद्यापासून तिच्याशी गोड बोलायचं. आज जमलं नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार
नातू गजा कारखान्यात ड्रॉइंगच्या कामाला आहे. घराचा नकाशा तिथल्या कॉम्प्युटरवर त्यानं काढला, साहेबाला विचारून. छापताना बघायला मला घेऊन गेला.
दाराशी चपला काढायला लावल्या. आत गारठा. म्हणे कॉम्प्युटरला ऊन सोसत नाही. पदू भर उन्हात ट्रकखाली झोपून नट आवळतो, त्याला कुणी गारवा लावत नाही. देवळातसुद्धा एवढं सोवळं बघितलं नव्हतं.
गजानं एक काळी चकती दाखवली. चौकोनी. म्हणाला, आजे, आपलं आख्खं घर ह्यात हाय. मला किळसच आली. एवढ्यात घर? पापड ह्याच्याहून मोठा लाटते मी.
मग ते छापायचं यंत्र. माणूस नाही, काही नाही, पेनच धावतंय कागदावर, कोंबडी उकिरडा उकरते तसं. पदूची खोली काढली, जिजाचं स्वैपाकघर काढलं, आणि माझ्या खोलीपाशी येऊन पेन सुकलं. भिंत अर्धीच. गजा त्या पेनाला तोंडानं वाफ देत बसला. साहेबाला सांग म्हटलं, फुंकणी ठेवा इथं.
कागद केवढा, तर पसरला तर चार माणसं पंगतीला बसतील. असला मला नको. खिळ्याला टांगता येईल असा दे म्हटलं. गजानं कायतरी बटणं दाबली आणि तेच घर छोट्या कागदात बसवून दिलं. तेव्हा जरा यंत्राचं बरं वाटलं. सांगितलेलं ऐकतं तरी. घरात कोण ऐकतंय.
निघताना गजा म्हणाला, "आजे, ह्यो टांगायला. मापं घ्यायची तर मोठ्या कागदावरनं. ह्यात घर कागदापुरतं आखडलंय."
मी म्हटलं, कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच. वाचलं त्यानं. एका इंचाला चार फूट. मोठ्यावर काय? तेच. मग? म्हणाला, ती अक्षरं तशीच राहिली, यंत्र आपणहून बदलत नाही.
म्हणजे यंत्र खोटं बोलतं, नायतर गजा. यंत्राला कशाला खोटं बोलायचंय.

६ मार्च, सोमवार
गजाला कंपनीनं पुण्याला पाठवला, शिकायला. अजून शिकायचंच आहे, आणि निघाला मला शिकवायला.
मोठा कागद मंजुरीला पंचायतीत दिला. तिथं तो कपाटात गेला. चांगलं झालं.

१० मार्च, शुक्रवार
चांगो गवंडी आला. पहिलं वाक्य, मोठा कागद कुठाय. म्हटलं, मी आहे ना. खिळ्यावरचा कागद काढला, सुताराची फूटपट्टी लावली. इंच बघायचा, चारनं गुणायचं. चार बुकं शिकले ती काय चुलीत घालायला? चांगोनं दोरी धरली, चुन्याची फक्की मारली. दुपारपर्यंत आख्खं घर जमिनीवर.
चांगो फक्कीत उभा राहून डोकं खाजवायला लागला. "आजी, लहान नाय वाटत?"
"आखणी कुठली मोठी वाटते रं? भिंती चढल्या की घर फुगतं. गवंडी तू की मी?"
पटलं त्याला. पटणारच, सगळे गवंडी गिऱ्हाइकाला हेच सांगतात. शेजारची येसूबाई कुंपणावरनं बघत होती, तीसुद्धा हो म्हणाली. येसू हो म्हणते म्हणजे तिला जळफळाट झालेला असतो.

२२ मार्च, बुधवार
पाया भरून जोतं झालं. दगड उरला, वाळू उरली. पदू एका रात्रीपुरता आला, ढीग बघून खूश. म्हणाला, आयेनं काटकसर केली. हे जिजासमोर म्हणाला, ते बरं झालं.
अंगणही केवढं ऐसपैस निघालं. गजाला यातलं काही सुचलं नव्हतं.

९ एप्रिल, रविवार
भिंती छातीपर्यंत आल्या. घर अजून फुगलेलं नाही. छप्पर चढल्यावर फुगेल.
जिजा स्वैपाकघरात उभी राहून हात पसरून बघत होती. दोन्ही हात भिंतींना लागले. मी म्हटलं, तुझे हात लांब आहेत.

१६ एप्रिल, रविवार
माझी बाज खोलीत नेऊन बघितली. आडवी जाईना. उभी गेली, पण मग माणसाला आत जायला जागा नाही, चूल तर लांबच. उन्हानं लाकूड फुगलं असणार. चांगोनं विटाही जाड वापरल्या असणार. सुंभ नव्यानं ओढलाय, त्यानं बाज लांबली असेल.
येसूबाई आलीच. आत डोकावली आणि म्हणाली, "मोतीबाय, खुराडं झ्याक बांधलंस गं. घर कुठं बांधणार?"
तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.
मुद्दाम.

२३ एप्रिल, रविवार
गजा आला. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. टेपनं एक भिंत मोजली, दुसरी मोजली नाही. जोत्यावर बसला. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, आजे, कागदात जेवढं आखडलं होतं तेवढंच जमिनीवर आखडलंय. सगळं घर पाऊण पण नाय झालं.
म्हटलं, कोपऱ्यातलं खोडलं का नाहीस मग? तो म्हणाला, चुकलं माझं. कबूल केलं त्यानं. म्हणजे चूक कुणाची, ते ठरलं. चार लोकांसमोर ठरलं.
पदूनं सगळं ऐकलं आणि ट्रकचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. जेवायला हाक मारेपर्यंत काढलं नाही. सिमेंटचं काम, पाडून परत पाया घालायला पावसाआधी दिवस नाहीत. जुन्या घराचं छप्पर हा पावसाळा काढणार नाही, हे मलाही दिसतंय.

३० एप्रिल, रविवार
परत कारखान्यात. परत चपला बाहेर. परत तो गारठा. गजा म्हणाला एकच मार्ग आहे, मधली एक भिंत काढायची, म्हणजे निदान एक खोली माणसांची होईल. कुठली भिंत, तर माझी खोली आणि जिजाचं स्वैपाकघर ह्यांच्या मधली. पदूच्या खोलीची का नाही, विचारलं. तिच्यावर छपराचा भार येतो म्हणे.
एक बटण दाबलं आणि भिंत गेली. चांगोला चढवायला दिवस लागले होते. पेन ह्या वेळी सुकलं नाही. नको तेव्हा बरोबर चालतं.
कागद मोठा छापला. छोटा मी मागितला नाही.

४ मे, गुरुवार
चांगोनं भिंत पाडली. बाज आडवी बसली, पाय लांब करता येतात. बाजेच्या पायथ्याशी जिजानं चूल मांडली. तिथं एकच चूल मावते.
आता सगळ्या घरात मोठी खोली माझी. माझ्या खोलीत स्वैपाक करायची परवानगी मी जिजाला दिली.
तिनं मागितली नव्हती.