उजवा बाहेर, वहिनी

प्रिय वहिनी,

एकाच क्वार्टरमध्ये राहणाऱ्या वहिनीला दीर कशाला पत्र लिहील? पण आज दुपारपासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि दादासमोर तुमचं नाव काढलं की तो उठून अंगणात जातो. मग बोलायचं कोणाशी? म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

तुम्हाला जाऊन महिना झाला आणि दादानं गाडी विकायला काढली. रायपूरचं गिऱ्हाईक उद्या येणार होतं, म्हणून मला सगळं एकदा तपासून ठेवायला सांगितलं. मी गाडी धुतली, पुसली. मग तुमच्या जागेवर बसून वळायचं बटण दाबलं आणि तसाच बसून राहिलो.

ही गाडी आली तो दिवस आठवतो का हो? गावी परतणाऱ्या एका ठेकेदाराकडून दादानं घेतलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. नव्या गाड्यांसारखे लुकलुकणारे दिवे तिला कुठले! बटण दाबलं की दारामागच्या खांबातून वीतभर हात बाहेर पडायचा, रेल्वेच्या सिग्नलसारखा, आणि त्यात बारीकसा बल्ब लागायचा. डावा हात गुणाचा होता. उजवा मात्र मनात आलं तरच यायचा.

दादाला ती गाडी मिरवायला हवी होती. तुम्हाला ती कशाला हवी होती, ते त्या संध्याकाळी कळलं. पाच वर्षांच्या चिमीला दम्याचा जोराचा झटका आला, दादा भिलाईच्या पोलाद कारखान्यात शिफ्टवर, आणि मी सायकलरिक्षा शोधत खुर्सीपार वस्तीपर्यंत धावत गेलो. गाडी दारातच उभी होती आणि चालवणारं कोणी नव्हतं, मलाही तेव्हा येत नव्हती! चिमी वाचली. दादा घरी आल्यावर तुम्ही रडला नाहीत की भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, "मले गाडी शिकवा. माही पोरगी आता रिक्षाची वाट पाहणार नाही."

अर्धवट बांधलेल्या सेक्टरांमधल्या रिकाम्या रस्त्यांवर तुम्ही शिकलात. बायका गॅलरीत येऊन बघायच्या, तुम्ही वर मानही करायचा नाहीत. पण लायसनच्या परीक्षेला दुर्गला गेलो आणि ऐन वेळी उजवा हात अडकून बसला. इन्स्पेक्टरांनी गाडी दुरुस्त करून आणायला सांगून परत पाठवलं. दादाचं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला लायसन नाही मिळालं तर गाडी विकून टाकतो, म्हणाला.

मग तुम्ही पदर खोचला. बटण दाबून नखानं तो हात उचलून पाहिलात, तर बल्ब लागला. म्हणजे करंट येत होता, अडत होतं ते हाताच्या बिजागरीत. तुम्ही इंजिन ड्रायव्हरची लेक, गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या. अडलं की तेल, हे तुमच्या अंगातच होतं! वडिलांची लांब चोचीची तेलाची कुपी तुम्ही माहेराहून आणली होती. तेल घातलं की हात टपकन बाहेर यायचा, बाजारातून परत येईस्तोवर पुन्हा अडकायचा. तुम्ही आणखी तेल घालायचा, तो आणखी अडायचा. मी कंटाळून मेकॅनिक आणू म्हटलं, तर मला दटावून गप्प केलंत.

आणि एका सकाळी कुपी हातात धरून तुम्ही गाडीच्या दोन्ही बाजू पाहत उभ्या राहिलात. मला हाक मारलीत. "भाऊजी, डाव्याले मी कधी तेलच नाही देल्लं. अन् तोच बराबर चालून राहिला."

खरंच की! तेव्हा अख्खी भिलाई खणून ठेवलेली, भातावरसुद्धा लाल धूळ बसायची. त्या धुळीचा तेलात चिखल होऊन बिजागरी धरत होती. जुना दात घासायचा ब्रश घेऊन तुम्ही सगळं रॉकेलनं धुतलंत, कोरडं पुसलंत आणि वडिलांची कुपी कपाटात वर ठेवून दिलीत. स्वतःच्या बापाची शिकवण अशी बाजूला ठेवणं सोपं असतं का? मला नसतं जमलं.

पण त्यांचं दुसरं एक तुम्ही सोडलं नाहीत. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि फायरमन एकमेकांना मोठ्यानं सांगतात, तसं गाडीत जो बसेल त्यानं हात बाहेर आला की सांगायचं. उजवा हात तुमच्या खांद्यामागे, तुम्हाला तो दिसायचा नाही. उत्तर आल्याशिवाय तुम्ही वळायचा नाहीत.

दुसऱ्या परीक्षेला इन्स्पेक्टर तुमच्या शेजारी, मी मागे. चौकात तुम्ही बटण दाबलं आणि गाडी थांबवून ठेवली. साहेबांपुढे माझी जीभ उचलेना. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. इन्स्पेक्टर म्हणाले, चलिए. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "साहब, जवाब आए बिना मैं नहीं मुड़ती." मग मी ओरडलोच, "उजवा बाहेर!" इन्स्पेक्टर हसले आणि त्यांनी तुम्हाला पास केलं.

त्यानंतर चिमीला किती वेळा दवाखान्यात नेलंत! ती मागच्या सीटवर धापा टाकत असायची आणि तरी सांगायचं काम तिचंच. श्वास पुरत नसला तरी बोलायची. मला तेव्हा तुमचा राग यायचा, एवढ्याशा पोरीला कशाला छळता, असं वाटायचं. बोलण्याच्या नादात ती भीती विसरायची, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही सांगितलं का नाहीत हो?

तर आज दुपारी मी बटण दाबून बसलो होतो. उत्तर कोण देणार? एवढ्यात मागून आवाज आला, "काका, उजवा बाहेर." आठवीतली चिमी, शाळेच्या दप्तरासकट, गाडीच्या दारामागच्या खांबाजवळ उभी होती. दोघं मिळून रडलो. वर पाहिलं तर दादा पायरीवर उभा. म्हणाला, "रायपूरवाल्याले येऊ नको म्हणून कळव. पोरगी याच गाडीवर शिकंल."

वहिनी, पुढे तुम्ही मला शिकवलीत तशी तिला गाडी मी शिकवीन, तुमच्याच रस्त्यांवर. उत्तर येईपर्यंत तिला वळू देणार नाही. आणि उजव्या हाताला तेलाचा थेंब लागू देणार नाही.

तुमचा,
भाऊजी