शेवंताबाईच्या घरची लेकरं

३ डिसेंबर
आजीला जाऊन आठ दिवस झाले. आज मी झेरॉक्सच्या दुकानात कामावर गेली. पहिलं काम तिचंच. पुण्यानुमोदनाचं पत्रक टाइप केलं. नाव लिहिलं, शेवंताबाई, आणि पुढं काय लिहावं सुचेना. तीस-पस्तीस वर्षं दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधल्या बायांची लेकरं सांभाळली तिनं. दोन खोल्यांत, सकाळी आठपासून संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत. बाया मावशी म्हणायच्या; पाळणाघर म्हटलं की हसायची. "पाळणा कुठं हाय माह्यापाशी? झोळी हाय."
शेवटी नुसतं वय टाकलं. तेही अंदाजानं.

५ डिसेंबर
घर आवरायला घेतलं. जर्मनच्या लहान ताटल्या, एकीलाही धड काठ नाही. झोळीची दोरी आढ्याला तशीच.
दुपारी सतरंजीवर सगळ्यांना एका ओळीत निजवायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत थोपटत जायची, मग उलटी. पहिलं उठून बसलं की पुन्हा सुरू.
मी पण त्याच ओळीतली. माय वारली तेव्हा मी दोन वर्षांची. बापानं वणीकडं दुसरा संसार मांडला. संध्याकाळी एकेकाची माय येऊन घेऊन जायची, मी उरायची. मग आजी म्हणायची, "चाल वंदा, तुले न्याले मी आली." कडेवर घेऊन अंगणात एक चक्कर, आणि परत त्याच घरात. मला खरंच वाटायचं की मी घरी आली.
आज एवढंच आवरलं. बाकी तसंच पडलं आहे.

८ डिसेंबर
हे लिहायचं टाळत होती.
मागच्या वर्षी दिवाळीनंतर. त्या वेळी सहा लेकरं होती. आजीचं विसरणं सुरू झालं होतं, पण आम्ही हसण्यावारी नेत होतो. एक दिवस फाटक उघडं राहिलं. परी, जिनिंगमधल्या रेखाची पोरगी, तेव्हा दोन वर्षांची, निघून गेली. दोन तास सापडेना. मग बसस्टँडवर सापडली, पुसदच्या गाडीजवळ, एका केळीवालीनं धरून ठेवली होती.
मी धावत घरी आली तर आजी लेकरं मोजत बसली होती. पाच मोजायची आणि म्हणायची, "बरोबर हायत."
रेखा जिनिंगमधून आली. पोरगी घेतली न् गेली.
दुसऱ्या दिवशी मीच घरोघरी जाऊन सांगितलं, लेकरं पाठवू नका. आजीनं विचारलं तर जिनिंग बंद आहे म्हणा. आजीलाही तेच सांगितलं.

९ डिसेंबर
आजी तरी रोज सकाळी तयार. झाडझूड, दूध तापवून ठेवलेलं.
"आज बी जिनिंग बंद?"
"हो."
"मंग हा भोंगा कायचा?"
"दुसऱ्या जिनिंगचा."
दूध मग आम्ही दोघीच प्यायचो.
उन्हाळ्यात एकदा म्हणाली, "वंदा, माह्या हातून काही झालं काय?" मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर सकाळी उठायची नाही लवकर. मग जेवण कमी. डॉक्टर म्हणाले, वय आहे.
वय होतंच. पण

१४ डिसेंबर
पुण्यानुमोदन झालं. भंतेजी वेळेवर आले. तिच्या हातची किती लेकरं मोठी झाली असतील, शंभरावर तर नक्की. मंडप मोठा सांगितला होता. सात जण आले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून तिच्या हाताखाली वाढलेल्या कपिलचा फोन, सुट्टी मिळाली नाही, फोनवर रडला. बाकीच्यांनी स्टेटसला फोटो ठेवला.
रेखा आली, परीला घेऊन. भांडी विसळता विसळता बोलली.
"आमी तर पाठोलं असतं वंदा. तूच नाई म्हणली."
"परीले काही झालं असतं म्हणजे?"
"आता काय होऊन राह्यलं मंग? सहा महिने मी घरी बसली. आता सोबतच नेतो, रुईच्या ढिगापाशी बसोतो. खोकला जात नाई तिचा." ताट उपडं घातलं तिनं. "एखादी बाई मदतीले ठेवली असती मावशीच्या, तरी भागलं असतं."
हे मला सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं सुचलं.
मग म्हणाली, "मावशी मले बाजारात भेटली होती. म्हणे, रेखा, रागावली काय व माह्यावर? वंदा, तू सांगतलं होतं तेच मी मावशीले सांगतलं. जिनिंग बंद हाय म्हणलं."
"मग?"
"मंग काय. माह्या केसाईत जिनिंगची रुई होती. मावशीनं काढली हातानं, न् गेली."

१७ डिसेंबर
काल-परवा परीला दुकानात ठेवून पाहिलं. गिऱ्हाईक, मशीन, तिचं खोकणं. दुपारी थोपटलं, झोपली नाही. माझा हात तसा चालत नाही. आजी कुठं आहे विचारलं तिनं. मी म्हटलं, गावाला गेली. खोटं किती पटकन येतं मला.
आज मालकानं स्पष्टच सांगितलं, दुकानात लेकरू चालणार नाही. त्यांचंही बरोबर आहे.

२० डिसेंबर
रेखा आणि आणखी दोघी येऊन गेल्या. "मावशीच्या घरी तूच काहून नाई ठेवत लेकरं?" दुकान सोडावं लागेल. तेही सोडीन. पण एखादं पुन्हा फाटकाबाहेर गेलं तर. आणि ज्या घरातून मीच लेकरं काढली, तिथं कोणत्या तोंडानं बोलावू. सोमवारी सांगते म्हटलं.

२२ डिसेंबर, सोमवार
आठच्या आधी रेखा दारापुढून गेली. परी कडेवर, तोंडाला रुमाल बांधलेला. रेखानं घराकडं पाहिलं नाही. परी मान वळवून पाहत होती. मी दाराच्या आत उभी. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या वळणावर गेल्या.
संध्याकाळी याच रस्त्यानं परततील, तेव्हा मी फाटकात असेन.