हिरवा चाप

रविवार, दिवेलागण

दुपारी आम्ही दोघं कारंजाला पिक्चर पाहून आलो. गाणी सुरेख. हिरोईन तर नुसत्या डोळ्यांनी बोलते. पण हिरो तीन वर्षं चोरून तिच्या मागे फिरतो, तिचा पडलेला रुमाल जपून ठेवतो, आणि हे कळल्यावर ती त्याच्या गळ्यात पडते? भीती नाही वाटली तिला? तिथेच पिक्चर खोटा पडला.

चहा घेताना ह्यांना तेच म्हटलं. हे हसले. "भ्याचं काय त्यात? मीबी तं तसाच होतो."

उठून कपाटातून एक डबी आणली. आत माझा हिरवा चाप, एक दात तुटलेला. बी.ए.ला असताना स्टँडवर हरवलेला. लग्नाच्या चार वर्षं आधी!

मला पाहायला आले तेव्हा ह्यांनीच विचारलं होतं, "नाव काय तुमचं?" आणि मी लाजून सांगितलं होतं.

"सांगाचंच राहून गेलं तुले," म्हणाले. अठरा वर्षं राहून गेलं?

हे लिहितेय तेव्हा तो चाप माझ्या केसांत आहे. ह्यांनीच लावला. मी काही न सांगता, डाव्या कानामागे. तेव्हा मी लावायची, अगदी तिथेच.