नळीतलं हाड

बाई, परवा आमच्या ऑपरेशन थिएटरात वाळवलेल्या हाडाचं पाकीट आलं आणि तुमच्यावरचा माझा सगळा राग पुन्हा वर आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण ते माणूस जिवंतपणी हाती लागलंच नाही तर राग न्यायचा तरी कुठे? आता ही पाकिटं प्लास्टिकची असतात, एकात एक अशी दोन. बाहेरचं एकीने सोलायचं, आतलं दुसरीने निर्जंतुक हातमोज्यांनी उचलायचं, मग वाडग्यातल्या सलाइनमध्ये हाड भिजत घालायचं. नव्या पोरींना हे शिकवते तेव्हा त्यांना वाटतं, मोठ्या सिस्टरने हे कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये घोकलं असेल. मी ते तुमच्याकडून शिकले, तुम्ही चांद्याच्या दवाखान्यात सिस्टर होतात तेव्हा, पायाला प्लास्टर घालून पलंगावर पडल्यापडल्या. माझं हे शुद्ध मराठीही तुम्हीच दिलेलं. रागात मात्र ते टिकत नाही, तेव्हा अधूनमधून आमची बोली आली तर चालवून घ्या.

तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती आणि आमचं गाव तिच्याही पलीकडे, धानोऱ्याच्या जंगलात. माझ्या नडगीच्या हाडात पोकळी झाली होती. एकदा बांधावरून उडी मारली तर पाय मोडला, जुळून आला, आणि पुढच्या हंगामात नुसती चालताना पुन्हा मोडला. बा मला खाटल्यावर घालून गडचिरोलीपर्यंत आणतो, वैनगंगा डोंग्यातून ओलांडतो, पलीकडे मोटार मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहतो, आणि एवढ्या वाटेत एकदाही म्हणत नाही की पोरीच्या जातीला एवढा खर्च कशाला. आमच्या दोघांचंच घर होतं, आई मी रांगत असतानाच गेली. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि सांगितलं, पोकळीत दुसरं हाड भरलं तर पाय राहील, नाही तर हा मोडतच जाणार. त्यांच्या परदेशातल्या कोणा मित्राने वाळवलेल्या हाडाच्या काही नळ्या पाठवल्या होत्या. आपल्या भागात अशी नळी पहिल्यांदाच वापरली जाणार म्हणून डॉक्टर भलतेच खुशीत होते. बा खुशीत नव्हता. तो म्हणाला, काय घालून राह्यले ते मले दाखवा, मंग अंगठा देतो.

डॉक्टर हसले आणि निघून गेले. नळी दाखवायला तुम्हीच आणलीत, बाई, डॉक्टरांना न विचारता. त्याबद्दल मी तुम्हाला कधी नावं ठेवली नाहीत, उलट त्या दवाखान्यात बाचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. दुहेरी फडक्यातून तुम्ही काचेची नळी काढली. तोंडाला रबरी बूच, बुचावर पत्र्याची टोपी, आत खडूच्या तुकड्यांसारखं पांढरं काहीतरी. तुम्ही समजावून सांगितलंत की आतली हवा काढून घेतलेली आहे, बुचातून सुई घातली की नळी सलाइन आपणच ओढून घेते, आणि ओढलं नाही तर समजायचं की कुठूनतरी हवा शिरली, मग ते हाड फेकून द्यायचं. बाने विचारलं, "मोहफुलं वाळवतो तसं? पाण्यात टाकलं का फुगते?" तुम्ही म्हणालात, "अगदी तसंच, भाऊ." तुम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. बा म्हणाला, "मोहाचं फूल कोणाच्या झाडाचं हाय, हे गावात समद्याले ठाऊक असते. हे कोणाचं हाय?"

तुम्ही नळी फिरवून चिठ्ठी वाचलीत. तिच्यावर आकडा होता आणि इंग्रजी होतं, माणूस नव्हता. "कुणीतरी मेलेला माणूस आहे, भाऊ. देऊन गेला," एवढंच तुम्हाला सांगता आलं. तेवढ्यात आया धावत आली, आतल्या खोलीत बाळंतीण अडली होती. तुम्ही नळी फडक्यावर माझ्या उशाच्या स्टुलावर ठेवलीत, "हात लावू नका" म्हणालात आणि पळालात. काऊन हात लावू नये, ते नाही सांगितलं. हवा शिरली तर फेकायचं हे सांगितलं, पण ते सुईबद्दल बोलताना, नर्सने नर्सला सांगावं तसं. बाने ते त्याच्याशी संबंध असलेलं म्हणून ऐकलंच नव्हतं.

आमच्या घरात मेलेल्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय घेत नसत. आजाची कुऱ्हाडसुद्धा बाने तांदूळ ठेवून, मोहाची दारू शिंपडून मागून घेतली होती. इथे तर अख्खं हाड घ्यायचं होतं, आणि तेही लेकीच्या पायात. बाने कंबरेची सुरी काढली, पत्र्याची टोपी उचकटली, बूच ओढलं. नळीचा बारीकसा सुस्कारा ऐकू आला, अजून कानात आहे. मग त्याने धोतराच्या गाठीतले तांदळाचे दाणे आत टाकले, सोबतच्या बाटलीतला दारूचा थेंब सोडला आणि गोंडीत बोलला. म्हणाला, तू कोणाचा कोण, आम्हाला ठाऊक नाही, तुझ्या माणसांनी तुला नीट पोचवलं की नाही तेही ठाऊक नाही, पण ही माझी एकच पोर आहे, हिला तुझ्यावर उभी राहू दे. मी ते सगळं पाहत होते आणि मला फार बरं वाटलं. आता ते हाड मला परकं वाटेना. बाने बूच पुन्हा घट्ट बसवलं, टोपी अंगठ्याने दाबली, आणि तुमच्या फडक्यावर नळी होती तशी ठेवून हात जोडले.

तुम्ही परत आलात आणि नळीकडे पाहिलंत. आत तांदूळ दिसत होते. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "हे आता वाया गेलं." बाचा चेहरा पाहून मला रडू फुटलं. त्याला तेव्हा कळलं की आपण काय केलं. तो उठला, म्हणाला, "डाक्टरले मीच सांगतो." आणि तुम्ही त्याचं मनगट धरलंत. "गप्प बसा. तुम्ही केलं असं कळलं तर हाकलून देतील, पोरीचा पाय तसाच राहील. मी बघते." ही तुमची वाक्यं मला पाठ आहेत. माझ्या पायाचं नाव घेतल्यावर बा काय बोलणार होता? तो बसला.

डॉक्टर आले तेव्हा तुम्ही सांगितलंत, नळी तुमच्या हातून पडली आणि फुटली. तोवर ती तुम्ही कुठे नेऊन टाकली होती कोण जाणे. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डॉक्टरांनी साऱ्या वॉर्डासमोर तुमची अब्रू काढली, तुमच्या हातांना शेणाच्या गोवऱ्या थापायला पाठवलं पाहिजे म्हणाले, आणि थिएटरातून तुम्हाला वॉर्डात टाकलं. उरलेल्या नळ्या दुसऱ्या पेशंटांसाठी होत्या, त्यातली द्यायला ते तयार नव्हते. तेव्हा बा पुढे झाला. म्हणाला, "माह्यं हाड घ्या. हे कोणाचं हाय, एवढं त ठाऊक हाय." डॉक्टरांनी त्याला तपासलं. मग त्याच्या कमरेचं हाड काढून माझ्या नडगीत भरलं. मी आजही त्याच्यावरच उभी आहे, आठ-आठ तासांची ऑपरेशनं काढली, पाय पुन्हा मोडला नाही.

तुम्ही वॉर्डात आलात म्हणूनच मला मिळालात, हेही खरं. प्लास्टरमध्ये पडून मी रडायचे तेव्हा तुम्ही गॉजच्या घड्या घालायला दिल्यात. मग फडक्यात पाकीट बांधायला शिकवलंत, बाहेरचं टोक कसं दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याचा हात आतल्या बाजूला लागत नाही. एकदा मी आतून चापून घडी बसवली तर तुम्ही फाडकन हातावर मारलंत. "आतलं ज्याचं त्याचंच. बाहेरच्याने बाहेरूनच धरायचं." दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा एक धुतलेलं हिरवं फडकं दिलंत, त्याच्यावर मी किती वर्षं घड्या घालत बसले. नर्स झाले ती त्या फडक्यामुळे. पण मी विचारलं, बाई, बाने का नाही सांगायचं, तर तुम्ही म्हणालात, मोठी झालीस की कळेल. मी मोठी झाले. जंतू कळले, निर्वात नळी कळली, वाळवलेलं हाड का टिकतं ते कळलं. हे नाही कळलं.

तुम्हाला ठाऊक नाही पुढे काय झालं. पाय दाखवायला आम्ही गेलो की डॉक्टर पाहुण्यांना बोलावून बाला उभं करायचे. बघा, आमची सिस्टर नळी फोडते आणि हा जंगलातला माणूस स्वतःचं हाड काढून देतो. लोक बाच्या पाया पडायचे. आणि बा, जो बाजारात दुसऱ्याचं मीठ चुकून आलं तर परत जाऊन देऊन यायचा, तो मान खाली घालून उभा. घरी आला की जेवायचा नाही. एकदा धीर करून सांगायला गेला तर डॉक्टर बदलून गेलेले, तुमचीही बदली झालेली, आणि नव्या माणसाने विचारलं, कोणती नळी? मरेपर्यंत म्हणायचा, "तिनं मले वाचवलं नाई, चोर केलं. सांगू देल्लं असतं त दोन शिव्या खाल्ल्या असत्या." वाईट वाटतं तुम्हाला? वाटू दे. तुम्हाला वाटलं, हा बिचारा, ह्याला झाकून घ्यावं. तो बिचारा नव्हता, बाई. साऱ्या दवाखान्यात ते हाड कोणाचं, हे विचारणारा तो एकटाच माणूस होता. आणि कधीकधी, फार चिडले की, मला हेही वाटतं की बाने उघडली म्हटलं असतं तर नळी वॉर्डात आली कशी, हा प्रश्न पहिला तुम्हालाच आला असता. मग खोटं कुणासाठी बोललात? इतकी वर्षं उलटसुलट करून पाहिलं. तुमच्या हाताचा तो फटका आठवला की वाटतं, आमच्यासाठी. बाचा चेहरा आठवला की काहीच वाटत नाही, फक्त राग येतो.

आणि किती थोडक्यात भागलं असतं. हात लावू नका, ह्याऐवजी एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, बाहेरून विचारा, काचेतून ऐकू जातं त्याला. बाने ऐकलं असतं. तांदूळ स्टुलावर ठेवले असते, थेंब फरशीवर सोडला असता, नळी शाबूत राहिली असती, तुम्ही थिएटरात राहिल्या असता आणि बा ताठ मानेने मेला असता. मला ते सुचायला पन्नाशी गाठावी लागली, तुम्हाला त्या घाईत कुठून सुचणार, असं म्हणून मी तुम्हाला माफ करायला बघते. जमत नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार, तुमच्या माहेरचं गावही मला माहीत नाही. कपाटात त्या हिरव्या फडक्याच्या घडीत ठेवते. एक सांगायचं राहिलं. परवा पाकीट आलं तेव्हा मी ते न उघडता हातात धरलं, बाहेरून, तुम्ही शिकवलं तसं, आणि गोंडीत विचारून घेतलं, बा विचारायचा तसं. दरवेळी घेते. नव्या पोरीने विचारलं, सिस्टर, काय पुटपुटताय? मी म्हटलं, काही नाही, पाकिटावरची तारीख वाचून राह्यले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही माझ्या.