एकसष्ट तुकड्यांची ब्यूक

शनिवार, ७ मार्च १९५९

खोका मिळाला!

दौलत काल बोटीवरून उतरला आणि आज मी तोंड न धुता त्याच्या दारात. आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातली खोली. मालबोटीवर खलाशी आहे, न्यूयॉर्कपर्यंत जातो. म्हणाला, "आनंदा, लोक माझ्याकडून घड्याळं मागवतात, साबण मागवतात. तू मागवतोस खेळण्यातली गाडी. दुकानदारानं विचारलं, मुलगा केवढा आहे? मी सांगितलं, तेवीस वर्षांचा."

हसू दे. खोक्यावर ब्यूकचं रंगीत चित्र. आत सगळी गाडी सुटी करून भरलेली — प्लास्टिकचे एकसष्ट तुकडे, पट्ट्यांना चिंचांसारखे लटकलेले. तीन वेळा मोजले. एकसष्टच.

फळीवर मी आधी जोडलेली फोर्ड आहे, शेवर्ले आहे. पण ही तिसरी फळीसाठी नाही.

रविवार, ८ मार्च

का नाही, ते लिहून ठेवतो.

अप्पा तेरा वर्षं गिरगावच्या डॉक्टरांची ब्यूक चालवत होते. नोव्हेंबरात डॉक्टरांनी ती विकली, छोटी गाडी घेतली. ती ते स्वतःच चालवतात. अप्पांना शाल दिली आणि नारळ दिला. तेव्हापासून अप्पा खिडकीशी बसून आहेत. चार महिने झाले. दाढी फक्त रविवारी. मामांनी टॅक्सीवरचं काम आणलं, तर म्हणाले, "मीटरच्या गाडीवर मी बसणार नाही." कारखान्याच्या साहेबाची गाडी होती — तीही नको. बोलणं चहा आणि पाणी यांच्यापुरतं.

काल आई मोरीशी मला हळूच म्हणाली, "माणूस बसल्या जागी वाळतोय रे."

तीच ब्यूक बनवून अप्पांच्या हातात द्यायची. त्यांना बोलतं करायचं, उठवायचं. होईल की नाही, ठाऊक नाही. दुसरा उपाय मला सुचत नाही. मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस. बारीक काम तेवढं येतं.

बुधवार, ११ मार्च

छापखान्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची हँडबिलं. 'झालाच पाहिजे' एवढ्या वेळा जुळवलं की मोठ्या टाइपातला 'झ' संपला. फोरमन बाबुरावांना विचारून जुना चिमटा घरी आणला. विचारलं नसतं तरी चाललं असतं, असं ते म्हणाले. मला चाललं नसतं.

शनिवार, १४ मार्च

अडचण. खोक्यातल्या नकाशात स्टिअरिंग डावीकडे!

संध्याकाळी परळ नाक्यावर उभा राहून मोटारी पाहिल्या. बावीस गेल्या. सगळ्यांचं उजवीकडे. मग नकाशा चुकला कसा? घरी आलो आणि उलगडलं. आमच्या छापखान्यात चित्राचा ब्लॉक उलटा असतो, छापल्यावर सुलटा होतो. चित्र काढणाऱ्यानं ब्लॉकवरूनच उतरवलं असणार. म्हणजे सगळा नकाशाच उलटा. मला उलटं वाचायची सवय आहे, म्हणून लक्षात आलं. दुसरा फसला असता.

रविवार, २२ मार्च

आठवडा यातच गेला. डॅशबोर्ड पात्यानं कापला आणि फिरवून बसवला. स्टिअरिंग उजवीकडे. मग एरियलचं भोक बुजवून दुसऱ्या बाजूला पाडलं. खालची सायलेन्सरची नळी खरवडून काढली, तीही दुसरीकडे नेली. बेबीनं विचारलं, "दादा, एवढं कापायचं होतं तर लाकडाचीच का नाही केलीस?" सोळा वर्षांची आहे. तिला काय समजावणार.

 एकदा चिकटवलेलं सुटत नाही.

रविवार, २९ मार्च

आज दिली.

अजून रंग नाही, काचा नाहीत. पण मला धीर निघेना. चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "अप्पा, ही डॉक्टरांची." 

अप्पांनी पाहिली. मग उचलली, उजेडात धरली, उलटी केली.

"सायलेन्सर या बाजूला कुणी नेला?"

मी सांगितलं. ब्लॉक, छपाई, उलटा नकाशा — सगळं. परळ नाक्यावरच्या बावीस मोटारी पण सांगितल्या. अप्पा ऐकत राहिले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, खोकला. आई स्टोव्ह सोडून धावली.

अप्पा हसत होते.

"अरे, अमेरिकेत चाक डावीकडेच असतं! लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात तिकडे. हिंदुस्थानात पाठवायच्या गाड्यांना तेवढं चाक इकडे करून देतात. यानं चाकाबरोबर सगळी गाडीच उलटी केली!" मग आईकडे वळून, "अगं, तुझ्या पोरानं अमेरिकेची चूक दुरुस्त केली."

दारातून दौलत डोकावला. त्यालाही सांगितलं. रात्रीपर्यंत सगळ्या मजल्याला ठाऊक झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही. अप्पा चार महिन्यांनी हसले.

मंगळवार, ३१ मार्च

एरियल परत मूळ जागी. सायलेन्सर परत. स्टिअरिंग उजवीकडेच ठेवायचं, ते बरोबर आहे. चुकीच्या कारणानं का होईना.

रविवार, ५ एप्रिल

अप्पा आता चुका काढतात. मागच्या मडगार्डचे पंख जास्त उंच — डॉक्टरांची गाडी जुनी, तिला एवढे नव्हते. पुढची जाळी चपटी. "बॉनेट असं छाती काढून हवं." मी घासतो, ते पाहतात. "अजून." मी घासतो. "अजून." "आता पुरे, आता भोक पाडशील." दोन तास गेले. आई भाकऱ्या थापता थापता आमच्याकडे पाहत होती, शेवटची करपली.

पण उठले नाहीत. खिडकीची जागा सोडत नाहीत. मलाच स्टूल तिकडे न्यावं लागतं.

मंगळवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. सगळी चाळ खाली. अप्पा वरून पाहत बसले. गेल्या वर्षी मिरवणुकीत पुढे होते.

शनिवार, १८ एप्रिल

रंगावर अडलं. मी काळा आणला. अप्पा म्हणाले, "काळी नाही. लोकांना काळी वाटते. उन्हात गेली की निळी होते."

"किती निळी?"

"ते सांगता येत नाही. बघावं लागतं."

मग बघायचीच, असं ठरवून गिरगावात डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारलं. गाडी दादरच्या हेमचंद्र डेकोरेटरनं घेतली. मंडप, खुर्च्या, बँड आणि वरातीला मोटार.

घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं.

"वरातीला?" एवढंच म्हणाले. भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारचे चार वाजले होते.

सोमवार, २० एप्रिल

पुन्हा चहा आणि पाणी. मीच उकरून काढलं.

रविवार, २६ एप्रिल

सगळं नीट लिहायचं आहे. क्रमानं.

सकाळी बेबी अप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "दादा चार दिवस जेवत नाही. त्याला तो निळा रंग दाखवून आणा. गाडीशी बोलू नका वाटलं तर." मी जेवत होतो. पण गप्प राहिलो. अप्पांनी सदरा घातला. आईनं चपला पुसून समोर ठेवल्या.

बेबीही आमच्याबरोबर निघाली. शिवाजी पार्कजवळ हेमचंद्रांचं गोदाम. तिथे कळलं, गाडी वरातीला गेली. परत फिरलो तर पार्कात समितीची सभा, चारी बाजूंनी माणसं येत होती. आणि त्या माणसांच्या मधोमध डॉक्टरांची ब्यूक! बॉनेटवर झेंडू, जाळीवर हार, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट. बंद पडलेली. आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घामानं भिजलेला. पोरगेलासा ड्रायव्हर अॅक्सिलेटर दाबतोय, दाबतोय, दाबतोय.

अप्पा फुटपाथवरून म्हणाले, "पाय काढ." त्यानं ऐकलं नाही. "अरे, पाय काढ तिच्यावरचा!"

आणि रस्ता ओलांडून गेले. पाच महिने खिडकीशी बसलेला माणूस! मी मागे धावलो.

दार उघडून त्यांनी पोराला बाजूला सरकवलं. पेट्रोलचा भपकारा आला. अप्पांनी आधी जाळीवरचा हार काढला. "हिला श्वास कुठून घ्यायचा?" मग सभेच्या माणसांना म्हणाले, "जरा झाडाखाली घ्या हो."

एक जण म्हणाला, "ढकलतो. पण आधी नवरदेवाची घोषणा!"

नवरदेव बिचारा खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र —" आणि चाळीस-पन्नास माणसांनी "झालाच पाहिजे!" म्हणत गाडी सावलीत नेली. तीन 'पाहिजे'त पोचली.

"आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही," अप्पा म्हणाले.

मागच्या सीटवरची मावशी भडकली. "दहा मिनिटं? मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

"हिला पेट्रोल चढलंय, मावशी. उतरू द्या."

"लग्नाच्या गाडीला चढायचं काय कारण?" मावशी. सगळे हसले. अप्पाही.

दहा मिनिटं झाली. अप्पा बसले. या गाडीचा सेल्फ-स्टार्टर अॅक्सिलेटरखालीच असतो, हे त्या पोराला ठाऊक असून उपयोग नव्हता. किती दाबायचा ते पायालाच कळतं. अप्पांनी पाय टेकवला, एकदाच, पार खालपर्यंत, आणि तसाच ठेवला. गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग तिचा तो आवाज. मी लहानपणी जिन्यावरून ओळखायचो.

सभेतली माणसं बाजूला होत गेली आणि गाडी गेली. अप्पा चालवत. मी आणि बेबी फुटपाथवर. आम्हाला विसरून गेले!

"रंग पाहिलास का?" बेबीनं विचारलं.

नव्हता पाहिला.

संध्याकाळी अप्पा आले. गळ्यात हार, हातात लाडू. आईनं विचारलं, "कुणाचं लग्न?" म्हणाले, "नाव नाही विचारलं."

सोमवार, २७ एप्रिल

अप्पा खिडकीशी. रंगाबद्दल विचारलं, तर "अं?" म्हणाले. मी समजत होतो सगळं बदललं.

गुरुवार, ३० एप्रिल

हेमचंद्र स्वतः आले. आमच्या खोलीत, खाटेवर बसले. "गणपतराव, परवाचा तो ड्रायव्हर माझा भाचा. त्या गाडीला तो चालत नाही. तुम्ही या."

अप्पा म्हणाले, "मी डॉक्टरांची गाडी चालवलीय. नाचणाऱ्यांच्या मागे नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग अप्पाच बोलले. "जाळीवर हार चालणार नाही. काचेला कागदी झेंडे नाहीत. केळीचे खुंट तर मुळीच नाहीत. पत्रा खरवडतो."

"बरं."

"मी पांढरा कोट घालीन. फेटा बांधणार नाही."

"बरं. नवरा-नवरी बसलेली चालतील ना?"

अप्पा म्हणाले, "बघू."

हो म्हणाले नाहीत. हेमचंद्रांनी सोमवारची लालबागची वरात सांगितली आणि गेले. 'बघू' म्हणजे काय, मी बेबीला विचारलं. आईला विचारलं. दौलतलाही. तिघांनी तीन अर्थ सांगितले. आज चिमटा हातात धरवला नाही.

शनिवार, २ मे

अप्पांनी दाढी केली. आज शनिवार!

रविवार, ३ मे

आईनं ट्रंकेतला कोट काढून इस्त्री केला. मी तीन वाट्यांत रंग कालवला — एक जवळजवळ काळा, एक थोडा निळा, एक जास्त. सकाळी अप्पांना दाखवायचे.

सोमवार, ४ मे

तिन्ही वाट्या घेऊन जिन्यापर्यंत मागे गेलो. अप्पा कोटाची बटणं लावत उतरत होते. म्हटलं, "अप्पा, यातला कुठला?"

वळून पाहिलंही नाही. "तुझं तू ठरव," म्हणाले. "मला उशीर होतोय."